घर कुठं बांधायचं: गावात, लातूरला की पुण्यात?

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरात हा विषय काढला की वाद होतात, म्हणून इथं मांडतोय.

मी चाकणला नोकरीला आहे, गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. गावातलं माळवदाचं (मातीच्या छताचं) घर आता राहण्यासारखं उरलेलं नाही. आई-दादा (वडील) आणि धाकटा भाऊ तिथंच राहतात. पुण्याजवळ मोशीला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा तर पुढची वीस वर्षं हप्ते फेडायचे. तेवढ्यात लातूरला प्लॉट घेऊन वर बांधकामही होतं. गावात बांधलं तर त्याच्या निम्म्याहून कमी पैशात चार खोल्या, वर पत्र्याची शेड आणि पाण्याचा हौद होतो.

पण नुसता माझ्या घराचा सल्ला मला नकोय. मला कळत नाही ते वेगळंच आहे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. आडतीवर त्याच्या बराच खाली भाव मिळतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. एकरी सात-आठ क्विंटल निघालं, तरी बियाणं, फवारणी, काढणी, मळणी वजा केली की हातात जे उरतं त्यात लातूरच्या रिंगरोडला एक गुंठाही येत नाही. तरी भाव दरवर्षी वर. मग हे प्लॉट घेतंय कोण?

माझं मत असं झालंय की आपल्या मराठवाड्यात घराची किंमत इथल्या कमाईवर ठरतच नाही. ती बाहेरून येणाऱ्या पैशावर ठरते, आणि तो पैसा पाणी आहे तोवरच इथं थांबतो. वीस वर्षांनी आपली पोरं आपल्यापेक्षा बरं जगतील का? तुमचे अनुभव सांगा.

कोरडवाहू

+१. घेणारे म्हणजे मास्तर, डॉक्टर, ठेकेदार आणि पुण्यातली पोरं. शेतकरी विकणाऱ्यांत आहे, घेणाऱ्यांत नाही.

शिकवणी गल्ली

लातूरच्या बाबतीत अजून एक नाव जोडते: विद्यार्थी. मी शिकवणी भागातच राहते. आमच्या गल्लीत स्वतः राहण्यासाठी बांधलेलं घर आता शोधावं लागतं. खालच्या मजल्यावर मालक आणि वर कॉट बेसिसवर (एकेका खाटेचं भाडं घेऊन) ठेवलेली पोरं. एका खोलीत प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या करतात. नांदेड, परभणी, बीड, सोलापूर, अगदी विदर्भातूनही पालक येतात आणि नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) तयारीच्या दोन वर्षांसाठी शेत गहाण ठेवून भाडं भरतात. म्हणजे मांजराकाठ म्हणतात तो बाहेरचा पैसा खरं तर दुसऱ्या गावच्या सोयाबीनचाच आहे. तो फक्त एका ठिकाणी येऊन साचतो.

पाण्याचं म्हणाल, तर २०१६ मी इथं काढलंय. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली वसतिगृहं रिकामी झाली. घरमालक स्वतः टँकरच्या मागं पळत होते. त्या वर्षी प्लॉटचे सौदे थांबले होते. दोन पावसाळे बरे झाले, सगळे विसरले आणि भाव पुन्हा चढले. घर घेताना लोक रस्ता किती फुटी आहे ते विचारतात. बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, ते अजूनही नंतरच विचारतात.

बिडकीनकर

ताई, अगदी बरोबर. आमच्याकडचं चित्र जरा वेगळं आहे, ते सांगतो.

संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यासाठी सरकारनं जमीन घेतली तेव्हा एकरी २३ लाख दिले. त्या काळी आमच्या पंचक्रोशीत एवढी रक्कम कुणी एकगठ्ठा पाहिली नव्हती. माझ्या चुलत्यांनी पहिल्यांदा घर बांधलं. दर्शनी भागाला ग्रॅनाइट, आत मॉड्युलर किचन. मग गाडी आली, मग बहिणींचे हक्कसोडीचे पैसे गेले. उरलेल्यात शहराच्या कडेला गुंठेवारीत (मंजुरीशिवाय गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीत) दोन प्लॉट. ज्यांनी लगेच सिल्लोड, वैजापूर, जालन्याकडं जमीन घेतली ते आज निवांत आहेत. ज्यांनी नुसतं घर बांधलं त्यांच्या घरात फरशी आहे आणि महिन्याचं उत्पन्न नाही. माझा चुलतभाऊ आज त्याच पट्ट्यात सिक्युरिटीच्या कामाला जातो.

आता टोयोटा किर्लोस्करनं २०२४ च्या जुलैत करार केलाय, वीस हजार कोटींच्या आसपासचा. एथर, जेएसडब्ल्यू अशी नावं आहेत. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण कारखाना उभा राहायच्या आधीच प्लॉटवाले उभे राहिले. कामगार येईल तेव्हा तो राहणार कुठं? वाळूज एमआयडीसीत काय झालं ते बघा. कंपन्या ऐंशीच्या दशकात आल्या. तिथला कामगार आजही रांजगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगर इथं एका खोलीत चार-चार जण राहतो. कंत्राटी पगारात त्याला घर घेता येत नाही आणि भाड्यात शिल्लक पडत नाही.

कोयत्याची लेक

मी शिरूर कासार तालुक्यातली. आई-बाप दोघंही कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. मी शिकले ते आजीजवळ राहून. आता बीडला नोकरी करते. इथं सगळी चर्चा प्लॉट आणि फ्लॅटवर चाललीय म्हणून लिहिते.

आम्हाला घरकुल मंजूर झालं तेव्हाचं सांगते. योजनेचे मूळ एक लाख वीस हजार. वर रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार. राज्यानं अलीकडं पन्नास हजार वाढवून दिले, ते आमच्या वेळी नव्हते. पहिला हप्ता पंधरा हजारांचा. पुढचा हप्ता जोत्यापर्यंत काम आलं, मोबाईलवर फोटो अपलोड झाला, की मग. कागदावर हे सगळं ठीक आहे. पण दसरा झाला की टोळी निघते. मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, थांबता येत नाही. घराचा मालक कोल्हापूरच्या फडात, गावात फक्त म्हातारी, तर जोत्याला उभं कोण राहणार? रोजगार हमीच्या हजेरीपटावर सही कोण करणार? पाडव्याला परत आलो तेव्हा सिमेंटच्या चार गोण्या दगड झालेल्या होत्या. उन्हाळ्यात काम काढलं तर पाणी नाही. विटा भिजवायला, स्लॅबला पाणी मारायला टँकर विकत घेतला. तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

शेवटी स्लॅब पडला तो पुढच्या वर्षीच्या उचलीतून. म्हणजे घर आम्ही आमच्या येणाऱ्या हंगामाच्या मजुरीवर बांधलं, आणि त्या घरात वर्षातले पाच-सहा महिने कुलूप. राहतो कुठं, तर उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत (झोपडीत). पहाटे चारला अंधारात उठायचं, संडासला आडोसा नाही, ताप आला तरी खाडा पडला की पैसे कापणार.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण ३६६ रुपये झाले. वाढ झाली, हे खरं. पण आता हार्वेस्टर यायलेत. पुढच्या दहा वर्षांत कोयता जाईल असं माझं मत आहे आणि तो जावाच. पण त्या लाखो जोड्यांनी मग करायचं काय, हे कुणी बोलत नाही. आमच्या तालुक्याचं राहणीमान दुसऱ्याच्या उसावर टांगलेलं आहे.

कोरडवाहू

ताई, हा प्रतिसाद जिल्हा परिषदेच्या प्रत्येक सदस्यानं वाचावा. हप्ता आणि हंगाम यांचा मेळ घालणं अवघड नाही. घरकुलाचं काम एप्रिल ते सप्टेंबर याच काळात पुरं होईल असं वेळापत्रक फक्त ऊसतोडीच्या तालुक्यांपुरतं बांधून द्यायचं आणि पाण्याचा टँकर त्या खर्चात धरायचा.

रिकव्हरी १०.२५

उसाला सगळेच बोल लावतात, म्हणून ऊस लावणारा म्हणून बोलतो. माझ्याकडं अंबाजोगाई तालुक्यात तीन एकर ऊस आहे, ठिबकवर. २०२५-२६ ला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव), म्हणजे टनाला साडेतीन हजारांच्या वर. आमच्याकडची रिकव्हरी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) आणि तोडणी-वाहतूक कापून हातात कमी येतात, बिलही कधी महिनोन्‌महिने लटकतं. तरी तो भाव कायद्यानं ठरलेला आहे. सोयाबीनला, कापसाला ही हमी आहे का? खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून माल परत आणलेला मी बघितलाय. माझं घर उसावर झालं, बहिणीचं लग्न उसावर झालं. दुसऱ्या पिकाला असाच भाव द्या, मी उद्या ऊस मोडतो.

मांजराकाठ

दादा, तुमचा राग समजतो. तुमच्यावर रोख नव्हता. पण आपल्याकडचं सरासरी पाऊसमान सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि उसाला लागतं दोन हजारांच्या वर. हा फरक जमिनीखालून भरून निघतो. शेजारच्या कोरडवाहूवाल्याच्या विहिरीतून. २०१९ मध्ये आपल्याच विभागीय आयुक्तालयानं मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली होती, पुढं काही झालं नाही. शिफारस करताना पर्यायी पिकाच्या भावाचं काय, हा तुमचा प्रश्न तेव्हाही अनुत्तरितच होता.

रिकव्हरी १०.२५

हेच म्हणतोय मी.

उदगीर ते पर्थ

मी मूळची उदगीरची, गेली बरीच वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात. धागा वाचून राहवलं नाही.

इथली सगळी अर्थव्यवस्था लोहखनिजावर उभी आहे. उत्तरेला पिलबारा नावाचा ओसाड भाग आहे, खाणी तिथं. कामगार पर्थहून विमानानं जातात, दोन-तीन आठवडे छावणीत राहून काम करतात आणि आठवडाभर घरी येतात. कोयत्याची लेक यांनी लिहिलेली कोपी आणि इथली वातानुकूलित छावणी यांची बरोबरी होऊच शकत नाही, मजुरीचीही नाही. पण कामाच्या जागी घर नाही आणि घराच्या जागी काम नाही, हे दोन्हीकडं आहे.

तिथं पोर्ट हेडलँड नावाचं बंदर आहे. २०११ च्या सुमारास खनिजाचा भाव शिगेला पोचला तेव्हा त्या गावात साध्या घराचं भाडं आठवड्याला दोन हजार डॉलरच्या वर गेलं होतं. शाळेतली शिक्षिका, दुकानातला माणूस, नर्स यांना तिथं राहणं परवडेना. २०१५ पर्यंत खनिजाचा भाव टनाला पन्नास डॉलरच्या आसपास आला, तेजीच्या वेळी घरं घेतलेल्यांचं कर्ज घराच्या किमतीहून मोठं झालं. पर्थमध्येही काही वर्षं घरांचे भाव पडून होते. २०२० नंतर पुन्हा असे चढलेत की आमच्या मुलांना इथं घर घेता येईल का, हीच चर्चा आमच्या जेवणाच्या टेबलावर असते. भरपूर खनिज, भरपूर पगार, तरी घर हाताबाहेर.

नॉर्वेनं तेलाच्या पैशासाठी १९९० मध्ये कायदा करून निधी उभारला, १९९६ ला त्यात पहिली रक्कम टाकली आणि पुढच्या पिढीसाठी तो राखला. सगळ्यांना हे जमलेलं नाही. मराठवाड्याचं खनिज म्हणजे पाणी आणि जमीन. बिडकीनच्या दादांनी लिहिलेले एकरी २३ लाख हेही जमिनीचं एकदाच मिळालेलं मोल होतं. ते प्रत्येक घरानं एकट्यानं सांभाळायचं होतं. त्यातला काही भाग गावाचा म्हणून कायमचा गुंतवला असता, आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी गावाला पैसा आला असता, तर?

बिडकीनकर

काकू, गावाचा निधी म्हटलं की पहिलं भांडण अध्यक्ष कोण यावर. 🙂 पण कल्पना पटली. आमच्या वेळी मोबदल्याचे चेक वाटताना मंडपाच्या बाहेर गाड्यांचे एजंट आणि ठेवी गोळा करणारे उभे होते. सल्ला द्यायला मात्र कुणीच नव्हतं.

गोदाकाठ परभणी

ठेवींवरून आठवलं, अवांतर आहे पण घराशीच संबंधित आहे. माझ्या वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आम्ही घरासाठी म्हणून एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवले होते. व्याज चांगलं होतं, ओळखीचा माणूस होता. आज शाखेला कुलूप आहे, आणि आमचं घर जोत्यावरच थांबलंय. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे आम्हाला पैसे अडकल्यावर कळलं. गावाकडं गावठाणातल्या जागेवर बँक सहजासहजी गृहकर्ज देत नाही, गुंठेवारीच्या प्लॉटवर तर नाहीच. म्हणून माणूस अशा ठिकाणी जातो. घर परवडत नाही याचं निम्मं कारण किंमत आहे आणि निम्मं कारण आपल्याला सरळ कर्जच मिळत नाही, हे आहे.

सेलूचा नवरदेव

एक मुद्दा कुणीच काढला नाही. स्थळं बघताना पहिला प्रश्न येतो, पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का? आणि दुसरा, गावाकडं शेती किती? शेती पाहिजे, पण पोरगा शेती करणारा नको. माझ्या बरोबरीचे सात-आठ जण पस्तिशीला आलेत. मोशी-चिखलीतले निम्मे फ्लॅट लग्नासाठी घेतलेत.

कोरडवाहू

धागा घराचा होता, वऱ्हाड पण आलं. 😄

शिकवणी गल्ली

हसण्यावारी नेऊ नका, मुलीकडच्यांची बाजू सांगते. माझी धाकटी बहीण गावात दिली. घर मोठं, दारात ट्रॅक्टर. पण नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी. टँकर आला की हौद, पिंप, घागरी, पातेली, सगळं तिनंच भरायचं, मग जनावरांचं बघायचं. दवाखाना तालुक्याला. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं म्हणून ती आता लातूरला दोन खोल्यांत राहते, नवरा गावात. मुली फ्लॅट मागत नाहीत, त्या नळाचं पाणी, दवाखाना आणि शाळा मागतात. ते औशात, सेलूत मिळालं तर पुण्याचा हट्ट कोण करेल?

सेलूचा नवरदेव

पटलं, ताई. असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

किल्लारी परिसर

उशिरा येतोय. गावात घर बांधू म्हणणाऱ्यांसाठी आमचं उदाहरण.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमची माळवदं खाली आली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर फूट-दोन फूट माती, माणसं त्याखालीच गेली. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं ५२ गावं नव्या जागी वसली. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणं मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यापुढं ७५०. माझा जन्म त्याच सालचा. २५० फुटांत आम्ही तीन भाऊ वाढलो. आज तिघांची लग्नं झालीत. दोघं पुण्यात, मी इथं. पुढं पत्र्याची खोली काढली, मागं न्हाणी काढली. नवीन गाव रुंद रस्त्यांचं आहे, घरं भूकंपातून वाचतील अशी आहेत. पण वाढणाऱ्या कुटुंबाला जागा कुणी मोजलीच नव्हती. ज्याच्याकडं जमीन कमी त्याला घर लहान. तीस वर्षांनी त्याच घरांतली पोरं आधी बाहेर पडली.

मांजराकाठ, तुमच्या माळवदाबद्दल एकच कळकळीचं सांगणं. निर्णय काहीही घ्या, पण आई-दादांना त्याखाली अजून एक पावसाळा झोपू देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, लातूरला जो पाऊस झाला त्यात जुन्या भिंती भिजून बसल्या. मातीचं माळवद पाणी धरून ठेवतं आणि वजन वाढतं. आधी वरची माती उतरवा, पत्रे टाका. तेवढं काम आठवड्यात होतं.

मांजराकाठ

हे वाचून कालच भावाला फोन केला. माती उतरवायला माणसं ठरवली आहेत.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून माझं मन बरंचसं ठरलंय. फ्लॅट घेत नाही. चाकणला भाड्यानं राहीन. गावात तीन खोल्यांचं घर बांधू, आणि हप्त्यात गेले असते त्यातले काही पैसे भावाच्या शेततळ्यात आणि शेडनेटमध्ये घालू. घरातून उत्पन्न निघत नाही, पाण्यातून निघतं.

उदगीर ते पर्थ

निर्णय आवडला, पण एक शंका. शेततळं भरायला बोअर चालवणार असाल, तर शेजाऱ्याच्या विहिरीचा प्रश्न तसाच राहतो. पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरत असेल तरच.

कोरडवाहू

मला नाही पटलं. नोकरी चाकणला आहे तोवर ठीक, पण कंपनीनं काढलं तर? पुण्यात चार भिंती स्वतःच्या असल्या की माणूस दुसरी नोकरी शोधेपर्यंत टिकतो, भाड्यातला माणूस दोन महिन्यांत गावाकडं येतो. आणि तुमच्या मुलांची शाळा कुठं होणार? शिकवणी गल्लीतल्या ताईंची बहीण शेवटी लातूरलाच आली ना?

मांजराकाठ

शाळेच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, हे मान्य. कंपनीच्या बाबतीत उलटं वाटतं. हप्ता नसेल तरच काढून टाकल्यावर तग धरता येईल.

कोयत्याची लेक

घर कुणाच्या नावावर करणार आहात? गावात ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर (घराच्या नोंदीच्या उताऱ्यावर) नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. आमच्या घरकुलावर आईचं नाव आहे. बाप दोन वर्षांपूर्वी वारला तेव्हा चुलत्यांनी वाद काढला होता. आईचं नाव होतं म्हणून आम्ही त्या घरात आहोत.

सेलूचा नवरदेव

मला एक विचारायचंय. जिंतूर रोडला एका शेतात प्लॉटिंग पडलंय, दोन गुंठे, बाँडवर (नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर) देतो म्हणतोय. आता तुकडेबंदी (शेतजमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरची बंदी) उठली, काही होत नाही असं एजंट सांगतो. घ्यावा का?

किल्लारी परिसर

बाँडवर अजिबात घेऊ नका. तुकडेबंदीत सूट मिळाली आहे ती जुन्या व्यवहारांना नियमित करण्यासाठी. नवीन बेकायदा प्लॉटिंगला ती परवानगी नाही. सातबारा स्वतः ऑनलाईन काढा, इतर हक्कात कूळ, बँकेचा बोजा किंवा वारसाचा वाद दिसतो का बघा. आपल्याकडं इनाम आणि मदतमाश जमिनी बऱ्याच आहेत. भोगवटादार वर्ग दोन असं लिहिलेलं असेल तर परवानगी आणि नजराणा भरल्याशिवाय विक्री चालत नाही. बिगरशेतीची (एनए) कागदपत्रं आणि मंजूर लेआउटची प्रत मागा. एजंट देत नसेल तर तहसीलमधून तपासा. आणि शेजारच्या दोन-तीन घरांत जाऊन उन्हाळ्यात पाणी कुठून येतं ते विचारून या, मे महिन्यातच जा.